भरल्या अंगाचा

बटाट्याचा हंगाम ऐन भरात आला होता आणि त्यातच जॅकची कंबर गेली.

कोल्ड स्टोरेजच्या फाटकापासून पार रस्त्याच्या वळणापर्यंत ट्रॅक्टर लागले होते. ऊन मी म्हणत होतं. ट्रॉलीतला माल तापत होता, आणि तापलेला माल आत जाऊन नासतो म्हणून माल घेऊन आलेले लोक ओरडत होते. हमालांची टोळी सकाळपासून फळीवर होती. फळी म्हणजे ट्रॉलीपासून चेंबरच्या दारापर्यंत टाकलेला लाकडी चढ. वर्षानुवर्षं पाय पडून तो मधोमध खोलगट झालेला. बाहेर अंग भाजायचं, आणि दार ओलांडलं की घाम जागच्या जागी गार पडायचा. अशा गार-गरमात माणसं दिवसभर पोती घेऊन आत-बाहेर करायची.

जॅक हे त्याचं खरं नाव नव्हे. ट्रकखाली लावतात तो जॅक. तरणा असताना त्यानं एकदा चिखलात रुतलेलं ट्रॉलीचं चाक खांदा लावून वर काढलं होतं, तेव्हापासून ते नाव चिकटलं. आता बायकोसुद्धा चिडली की "या, जॅकसाहेब" म्हणायची. त्या दुपारी त्यानं पाठीवर पोतं घेतलं, निम्मी फळी चढला आणि थांबला. मागच्याला वाटलं, दम घेतोय. मग त्याच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, ओलं लाकूड चिरताना निघतो तसा, आणि तो पोत्यासकट गुडघ्यांवर आला. पोतं मात्र त्यानं टाकलं नाही. टोळीतला लांब्या मागून धावत आला, त्यानं ते ओढून काढलं, तेव्हा कुठं जॅक आडवा झाला.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं फोटो काढला, मणका सरकलाय म्हणाला, ऑपरेशनचं बोलला. ते काही होण्यासारखं नव्हतं. उजवा पाय बधिर झालेला. जॅकला खोलीवर आणून खाटेवर घातलं आणि तो छताकडं बघत पडून राहिला. खोली कोल्डच्या मागच्याच भिंतीला लागून होती. हमालांच्या खोल्यांची रांगच होती ती. भिंतीतून यंत्राची घरघर यायची आणि भर उन्हाळ्यातही तिला ओल असायची.

मुकादम भेटायला आला. हातात केळी होती. ती त्यानं खाटेवर ठेवली आणि उभ्याउभ्याच बोलायला लागला.

"माझं काय रे, जॅक, मी थांबेन. ट्रॅक्टर थांबतात का?"

"थोडे दिवस बघा. पायात जीव येतोय."

"टोळीत एक माणूस कमी म्हणजे बाकीच्यांच्या पाठीवर ओझं. ते कशाला सोसतील? आणि खोली टोळीतल्या माणसाला असते. ते काय मी सांगायला पाहिजे?"

कोपऱ्यात स्टोव्हपाशी बायको बटाटे चिरत बसली होती. तिची सुरी थांबली. तेवढ्यात दादा शाळेतून आला. पोराला घरात सगळेच दादा म्हणत. धाकटी चिमी म्हणायची म्हणून आईबापही. तो दारातून जरा तिरका होऊनच आत आला. पंधराव्या वर्षीच तो बापाहून रुंद झाला होता. दंड गोल, मांड्या एकमेकींवर घासणाऱ्या, शर्टाची बटणं ताणलेली.

"हा आहे की," जॅक म्हणाला.

मुकादमानं त्याला बैल बघावा तसं बघितलं. खांदा दाबला, पाठीवर थाप मारली. "अंगानं भरलाय खरा."

"खाणं आहे तसं." कंबर हलत नव्हती, पण जॅकच्या आवाजाला ताठा आला. "माझ्या घरात कुणी पोट दाबून झोपत नाही."

ते खरं होतं. कोल्डमध्ये निवडीत बाजूला पडलेले बटाटे, चिरके, कुदळ लागलेले, मऊ पडलेले, हमालांना फुकट असत. कितीही न्या. जॅकचं लहानपण उपाशी गेलं होतं. त्यामुळं घरात बटाट्याचं पोतं उभं बघितलं की त्याला राजा झाल्यासारखं वाटायचं. सकाळी पाव आणि गोड चहा. दुपारी भात आणि बटाटा. संध्याकाळी तेल असलं तर तळलेला बटाटा, नसलं तर उकडलेला. तो स्वतःच्या ताटातलं उचलून दादाच्या ताटात टाकायचा आणि त्याला खाताना बघत बसायचा. पोरगा फुगत गेला तसा बापाचा ऊर भरत गेला. हा दोन-दोन पोती नेईल, असं तो टोळीत सांगायचा.

"आणि शाळा?" आईनं विचारलं.

"हंगामापुरतं गं," मुकादम म्हणाला. "शाळा काय कुठं पळून जाते का?"

दादाला कुणी काही विचारलं नाही. तो केळ्यांकडं बघत होता.

संध्याकाळी आईनं त्याला नळाखाली बसवलं आणि वज्री घेतली. त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा होता, जाडसर, मखमलीसारखा. वर्षभर ती तो घासत होती. शाळेत ड्रिलच्या मास्तरांनी त्याला रांगेतून बाहेर काढून सगळ्यांसमोर विचारलं होतं, घरात पाणी येत नाही का म्हणून. तेव्हापासून तिनं ते मनावरच घेतलेलं. चांगली माणसं बघतील, आई आंघोळ घालत नाही म्हणतील.

"आई, लागतंय."

"लागू दे. उद्या माणसांत जायचंय. ही मळाची पुटं घेऊन जातोस?"

तिनं रक्त येईपर्यंत घासलं. पाणी लाल झालं, मग पुन्हा पांढरं झालं. पट्टा तसाच. शेवटी तिनं वज्री आपटली आणि पदरानं त्याची मान हलकेच टिपली.

सकाळी जॅकनं दार उघडं ठेवायला लावलं. खाट दाराशी ओढून घेतली. तिथून फळीचं खालचं टोक दिसायचं. दादा बापाचा बनियन घालून उभा होता, पोटावर तो वर सरकत होता. बापाचं पाठीवर घ्यायचं फडकं खांद्यावर होतं. टोळी मजेत होती.

"आला रे, जॅकचा ट्रक आला."

"पोतं नको याला, डायरेक्ट ट्रॉलीच द्या."

लांब्यानं आणि दुसऱ्या एकानं पोतं उचलून त्याच्या पाठीवर टाकलं. त्या वजनानं दादा पुढं गेला, सावरला, पाय फळीवर ठेवला. त्याला वाटलं होतं की वजन पाठीवर येईल. ते पाठीवर आलंच नाही, ते सरळ गुडघ्यात आलं. मांड्या थरथरायला लागल्या. एवढ्या जाड मांड्या, पण आत जणू काही नव्हतंच. तो जरासा चढला. मागचा माणूस "चल, चल रे" म्हणत होता. दादाचे हात पोत्याच्या कानांवरून सुटत होते. बोटं आवळायची म्हणून तो आवळत होता आणि ती आपोआप उघडत होती. मग पोतं डावीकडं कलंडलं, त्याच्याबरोबर तोही, आणि खाली पडून पोत्याची शिवण उसवली.

बटाटे घरंगळत फळीखाली गेले, ट्रॅक्टरच्या चाकांखाली गेले. टोळी हसली. फार वाईट नाही हसली, पण हसली.

"अरे, ही तर नुसती गादी निघाली!"

ते नाव त्या क्षणापासून त्याचं झालं. लांब्याचा मुलगा, दादाच्याच वर्गातला, काटकुळा, छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात असा, पुढं झाला. त्यानं दुसरं पोतं पाठीवर घेतलं आणि कुणाकडं न बघता वर निघून गेला.

बटाटे गोळा करायला दादा खाली वाकला तेव्हा त्याला दिसलं की बाप खाटेवरून उतरलाय. दाराची चौकट धरून, एक पाय ओढत, जॅक तिथवर आला होता. तो खाली बसला, म्हणजे पडलाच, आणि बसल्या जागेवरून हाताला येतील ते बटाटे ओढून पोत्यात टाकायला लागला. माणसं हसायची थांबली. जॅकनं वर बघितलं नाही. पोराला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात तो म्हणाला, "एवढं खाल्लंस. गेलं कुठं रे?"

दुपारी मुकादमानं दादाला निवडीच्या शेडमध्ये पाठवलं. तिथं बायका बसायच्या. त्यात त्याची आईही होती. जाळीवरून बटाटे यायचे. नासका वेगळा, चिरका वेगळा, बारीक वेगळा. जागा राहील, मुकादम म्हणाला, पण हंगाम संपेपर्यंत जॅक तरी उभा राहिला पाहिजे, नाहीतर हा तरी. नाहीतर मग मला बोलू नका.

शेडमध्ये दादा खाली मान घालून काम करायचा. नासक्या बटाट्याचा वास हाताला चिकटून राहायचा, पाव खातानाही यायचा. त्याला तहान फार लागायची. बायकांची एकच घागर असायची. तो सारखा उठायचा, पाणी प्यायचा आणि सारखा मागं भिंतीकडं जायचा.

"अगं, तुझ्या पोराला घागर बांधून दे गळ्यात," एक म्हातारी म्हणाली. "आम्ही काय थुंकी गिळायची?"

"ऊन किती आहे, मावशी."

"आम्हाला नाही का ऊन?"

मुकादमानंही एकदा हटकलं. "काय रे, लघवीला जातोस की कामाला येतोस?" बायका फिदीफिदी हसल्या. तेव्हापासून दादा तहान मारून बसायचा. जीभ टाळूला चिकटायची. मग घरी गेल्यावर तो नळाला तोंड लावायचा ते बराच वेळ काढायचाच नाही.

पण जॅकनं हार मानली नव्हती. पडल्यापडल्या त्यानं ठरवलं होतं: पोराच्या अंगात ताकद आहे, ती फक्त झोपलेली आहे, तिला उठवायची. त्यानं आपला माल ओढायचा लोखंडी आकडा लांब्याला देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात वळणावरच्या दुकानातून ताकदीच्या पावडरीचा डबा आणवला. डब्यावर एक उघडा माणूस दंड फुगवून उभा होता. दुकानदार म्हणाला, दुधातून, सकाळ-संध्याकाळ, वरून दोन चमचे साखर, मग बघा. दूध असेल तेव्हा दुधातून, नसेल तेव्हा पाण्यातून ती पावडर दादाच्या पोटात जायला लागली. चिमी डब्याचं झाकण चाटायची. आई तळणीत तेल जास्त घालायला लागली.

आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत खोलीमागं शाळा भरायची. चिमी पोत्यात बटाटे भरायची, सुरुवातीला निम्मंच. जॅकची खाट मागच्या दाराशी ओढलेली असायची.

"पोतं उचलायचं नसतं," तो सांगायचा. "उचलतो तो मूर्ख. पोत्याखाली शिरायचं आणि नुसतं उभं राहायचं. टाच जमिनीला. कंबर सरळ. माझ्यासारखी नाही, सरळ."

"असं?"

"असं म्हशी बसतात. गुडघा बाहेर काढ. हां. आता श्वास धर. ऊठ."

दादा उठला. पोतं पाठीवर होतं. चिमी टाळ्या पिटत पोत्यावर चढायला गेली, तसा तो तिच्यासकट बसला आणि तिघंही हसली. आई भांडी घासता घासता बघत होती, तीही हसली. जॅकला हसताना कंबरेत कळ यायची, मग तो शिव्या द्यायचा आणि पुन्हा हसायचा. त्या संध्याकाळी खरंच बऱ्या गेल्या. बापानं आपल्यासाठी एवढा वेळ कधी दिला होता, ते दादाला आठवत नव्हतं.

हळूहळू त्याचं अंग उतरायला लागलं. आधी गाल. मग चड्डी कमरेवरून घसरायला लागली, तिला आईनं दोरी ओवून दिली.

"बघ!" जॅक बायकोला म्हणाला. "चरबी झडतेय. आता आतलं लोखंड दिसेल."

"डोळे खोल गेलेत हो त्याचे."

"पैलवानाचे डोळे खोलच असतात."

एकदा चिमी मागनं ओरडत आली. "आई, दादा शू करतो ना तिथं मुंग्याच मुंग्या!"

"सांडली असशील पावडर," आई म्हणाली. "कितीदा सांगितलं, डबा घेऊन फिरू नको."

दादाला आपलं काहीतरी बिघडलंय हे कळत होतं. शेडमध्ये जाळीवरचे बटाटे त्याला धुरकट दिसायचे. सकाळी उठताना पाय दुसऱ्याचे वाटायचे. संध्याकाळी निम्म्या पोत्याखालून उठताना आता डोळ्यांपुढं काळं यायचं. पण खाटेवरून बाप बघत असायचा. त्या चेहऱ्यावर गेल्या काही दिवसांत जे आलं होतं ते त्याला घालवायचं नव्हतं.

"जमतंय का रे?"

"जमतंय, बाबा."

"मग उद्यापासून भरलेलं घे."

हंगाम सरत आला. जॅकनं चिमीला पाठवून मुकादमाला बोलावून घेतलं आणि म्हणाला, एकदा बघा. आता बघा माझा पोरगा.

मुकादमाला घाई होती, पण तो म्हणाला, ठीक आहे. टोळी थांबली. दादा फळीशी आला. चेहरा बसलेला, ओठ सुकून पांढरे. "गादीतला कापूस काढला वाटतं," कुणीतरी म्हणालं. लांब्यानं जपून पोतं त्याच्या पाठीवर ठेवलं. दादा त्याच्याखाली शिरला. टाच जमिनीला, कंबर सरळ. तो उभा राहिला.

मग चढायला लागला. एक पाय, थांबला, दुसरा पाय. पोटरीतली नस उडताना खालून दिसत होती.  निम्म्या फळीवर तो डगमगला, लांब्या पुढं झाला, पण दादानं मान हलवून नको म्हटलं. तो दारापर्यंत गेला. दारातून आत गेला.

टोळीनं एकदम आरडाओरडा केला. "नेलं! गादीनं नेलं!" शिट्ट्या वाजल्या. खाटेवर जॅकनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि तो हुंदके द्यायला लागला. आईला वाटलं कंबर दुखतेय, ती धावली. तो म्हणाला, "नाही गं. नेलं त्यानं. ऐकलंस ना? नेलं."

आत चेंबरमध्ये दादानं पोतं थप्पीला टेकवलं. आत अंधूक दिवा होता, गार वाफ होती. त्याला बसावंसं वाटलं. तो थप्पीच्या मागं जाऊन बसला, मग ओकला, मग तिथंच कलंडला. बाहेर पुन्हा पोती चालू झाली. माणसं आत येऊन जात होती. पोरगा दम खात असेल, खाऊ दे, आज त्याचा मान आहे, असं ज्यानं त्यानं धरलं. शेवटी लांब्या थप्पीमागं गेला. दादा जोरजोरात, खोल खोल श्वास घेत होता, धावून आल्यासारखा, पण हाक मारली तर डोळे उघडत नव्हता. तोंडाला नासक्या फळासारखा वास येत होता.

त्याला रिकाम्या ट्रॉलीत घालून आरोग्य केंद्रात नेलं. आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. केंद्रात डॉक्टर नव्हता, नर्सबाई होत्या. त्यांनी वास घेतला, बोटाला सुई टोचली, यंत्रात थेंब धरला. यंत्रावर आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' आलं, म्हणजे साखर यंत्राला मोजता येण्यापलीकडं गेलेली. त्या पळत फोनकडं गेल्या. गाडी येईपर्यंत त्यांनी सलाईन लावलं. डोकं वळवताना त्यांना मान दिसली, त्यावरची जुनी ओरखड्यांची खपली दिसली.

"हे काय केलंय?"

"घासते मी रोज, बाई," आई घाईघाईनं म्हणाली. "मळ जातच नाही."

"मळ नाही हा." नर्सबाईंचा आवाज चढला. "साखर आहे याच्या रक्तात. अंगाला ती वापरता येत नाही. ही मान म्हणजे अंगानं दिलेली हाक होती. खायला काय घालता?"

"भरपूर घालतो," आई म्हणाली. निदान एवढं तरी तिला अभिमानानं सांगता येत होतं. "बटाटा, भात, पाव. चहा. ताकदीची पावडर."

"डाळ? अंडी? पालेभाजी?"

"कधीतरी. बटाटा फुकट मिळतो ना."

नर्सबाई आणखी बोलणार होत्या. त्यांनी तोंडही उघडलं. तेवढ्यात आई पोराकडं वाकली, पदर सरकला, आणि नर्सबाईंना तिची मान दिसली. तीही तशीच काळी, जाड. त्यांनी तोंड मिटलं. मग हलकेच म्हणाल्या, "तुम्हीपण बोट द्या इकडं, ताई." आई म्हणाली, माझं नंतर. आधी त्याचं बघा.

दादा जगला. मोठ्या दवाखान्यात तो बरेच दिवस होता. घरी आला तेव्हा कातडी दंडावर सैल लोंबत होती. सुया होत्या, गोळ्या होत्या. डॉक्टरनं आईला बजावून सांगितलं होतं: भात-बटाटा मोजका, साखर बंद, पावडर तर फेकूनच द्या, डाळ, अंडं, भाजी द्या, रोज चालवा, हळूहळू अंगाला जोर करू द्या, स्नायू आले तरच साखर ताब्यात राहील. वरचं वजन ही काही ताकद नव्हे.

आईनं हे सगळं खाटेजवळ उभं राहून जॅकला सांगितलं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं होतं.

"म्हणजे मी विष घातलं पोराला."

ती नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती बाहेर गेली आणि पावडरीचा डबा नळाखाली रिकामा केला. पाणी बराच वेळ तपकिरी वाहत राहिलं.

टोळीतली जागा लांब्याच्या मुलाला मिळाली. तो आता जॅकचाच आकडा वापरायचा. मुकादम पुन्हा आला, या वेळी रिकाम्या हातानं. आईबरोबर चिमी निवडीला आली तर खोलीचं बघतो, म्हणाला. चिमी बाराची होती. या वेळी शाळेचं नाव कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी आई कामाला निघाली, तशी चिमी आपली आपण तिच्यामागून निघाली.

घरात रोज एक अंडं यायला लागलं. एकच. आई ते उकडून दादापुढं ठेवायची. चिमी शेडवरून आलेली असायची, हात नासक्या वासाचे, ताटात उकडलेला बटाटा. ती अंड्याकडं बघायची नाही, इतकी बघायची नाही की ते दिसायचं. एकदा दादानं अर्धं तोडून तिच्या ताटात टाकलं.

"उचल ते," आई म्हणाली. "औषध आहे तुझं. औषध कुणी वाटून खातं का?"

चिमीनंच ते उचलून त्याच्या ताटात परत ठेवलं. दादानं ते गिळलं. 

तो रोज चालायचा. फाटकापर्यंत, मग वळणापर्यंत. हंगाम संपल्यामुळं रस्ता रिकामा असायचा, आत ठेवलेल्या मालाची निवड तेवढी शेडमध्ये चालू होती. फळी उचलून भिंतीला उभी केलेली. कुणी ओळखीचा भेटला तर "काय गादी, बरं आहे ना?" म्हणायचा, मायेनंच. अंगात थोडं थोडं बळ येत होतं. खुर्ची न धरता उठता येत होतं. पाण्याची बादली नळापासून दारापर्यंत न ठेवता आणता येत होती. त्याला हे बापाला सांगावंसं वाटायचं. पण जॅक त्याच्याशी बोलायचा नाही. रागावलाय म्हणावं तर शिवीही देत नव्हता. पोरगा जेवायला बसला की तो डोळे मिटून घ्यायचा.

एका दुपारी आई आणि चिमी शेडवर होत्या. जॅकनं खाटेवर चुळबूळ सुरू केली. दादा दाराशी बसला होता, त्यानं वळून बघितलं.

"काय पाहिजे, बाबा?"

"काही नाही."

थोड्या वेळानं जॅकनं कोपरावर उठायचा प्रयत्न केला. पाय साथ देईना. कपाळावर घाम आला.

"जायचंय का? मी नेतो." दादा खाटेजवळ आला. त्यानं बापाच्या काखेत हात घातले. ते अंग आता फार राहिलं नव्हतं. पोत्यापेक्षा कमीच भरलं असतं. त्यानं पाय रोवले.

"हात काढ."

"जमेल मला, बाबा. खरंच जमेल."

"काढ म्हणतो ना! पाडशील मला. आईला बोलाव."

"शेड सुटायला वेळ आहे अजून."

"मग थांबतो मी."

दादा उभाच राहिला. हात मोकळे, कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. पाडेल म्हणून बाप घाबरला होता, की पुन्हा पोरगं वजनाखाली जायला नको म्हणून, हे त्याला कळलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती. जॅकनं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि दात आवळून तो थांबला. भिंतीत यंत्र घरघरत होतं. बराच वेळ तो थांबला. मग खाटेखाली जमिनीवर थेंब पडायला लागले.

दादा पुढं झाला. त्यानं बापाच्या अंगाखालचं धोतर ओढून काढलं, कोरडी चादर घातली. जॅकनं डोळे घट्ट मिटले होते, अगदी मेल्यासारखे. दादा धोतर घेऊन बाहेर नळाशी गेला. साबण लावला, आपटलं, धुतलं. मग एक टोक नळाला अडकवून पिळायला लागला. बोटं दुखेपर्यंत पिळलं, थांबला, पुन्हा पिळलं. त्यानं ते दोरीवर टाकलं.

पाणी काही सगळं निघालं नव्हतं. ते दारातल्या फरशीवर टपटपत राहिलं, आणि खाटेवर बाप ते ऐकत पडून राहिला.